माणूस, संगणक आणि मधली दरी

१. विषयाची मर्यादा

ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचा व्यवसाय, कठीण वाटणारी गोष्ट दुसऱ्याच्या हाती सोपी करून देण्याचा होता. म्हणून आजच्या विषयासाठी मी जे शास्त्र निवडले आहे तेही याच व्यवसायाचे नात्यातले आहे, असे आरंभीच सांगितले पाहिजे. इंग्रजीत त्याला ‘ह्यूमन-कम्प्यूटर इंटरॅक्शन’ म्हणतात. आपण त्याला माणूस-संगणक परस्परव्यवहाराचे शास्त्र म्हणू. संगणक आतून कसा चालतो, हा या शास्त्राचा प्रश्न नव्हे. संगणकापुढे बसलेल्या किंवा तो खिशात बाळगणाऱ्या माणसाला त्याचे काम विनासायास करता येते की नाही, येत नसेल तर का येत नाही, आणि यंत्राच्या रचनेत कोणता बदल केला असता ते येईल, हा त्याचा प्रश्न.

या शास्त्राचे अभ्यासक ठराविक काळाने एकत्र जमतात, आपापले प्रयोग एकमेकांपुढे मांडतात, वाद घालतात आणि पुन्हा आपापल्या देशी परततात. असे एक मोठे संमेलन २०१७ साली मुंबईत भरले होते. ही मंडळी कशासाठी जमतात, जमून काय करतात, आणि त्यांच्या जमण्याशी उज्जैनच्या नानाखेडा भागातील एका मराठी कुटुंबाचा काय संबंध पोहोचतो, एवढेच मला या लेखात उलगडून दाखवायचे आहे. हा संबंध दूरचा वाटेल. पण तो आपल्या घरात नातवंडे आजीला ज्या लिपीत निरोप पाठवतात, तिथपर्यंत येतो.

२. वेधशाळेपासून आरंभ

उदाहरणासाठी लांब जाण्याची गरज नाही. आपल्या गावात क्षिप्रेच्या काठी जयसिंगपुऱ्यात सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आहे. ती पुढे मोडकळीस आली होती. गोविंद सदाशिव आपटे यांच्या प्रयत्नांनी आणि माधवराव शिंदे महाराजांच्या आश्रयाने १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार झाला. तेथील सम्राट यंत्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्रिकोणी भिंतीची वरची कड क्षितिजाशी सुमारे २३ अंश १० कलांचा, म्हणजे उज्जैनच्या अक्षांशाएवढा, कोन करते आणि त्यामुळे पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते. तिची सावली बाजूच्या वर्तुळखंडांवरील खुणांवरून सरकते आणि आपल्याला वेळ वाचता येते.

जयसिंगांनी ही यंत्रे धातूची न करता दगडचुन्याची आणि एवढी प्रचंड का केली? लहान पितळी यंत्रांत खुणा फार जवळजवळ येतात, आस झिजते, यंत्र हलते, आणि माणसाच्या डोळ्याला सूक्ष्म फरक वाचता येत नाही. आकार वाढवला की दोन खुणांमधले अंतर वाढते. म्हणजे आकाश तेच, सूर्य तोच, गणितही तेच. बदलली ती वाचणाऱ्याची सोय. यंत्राची रचना माणसाच्या डोळ्याची मर्यादा लक्षात घेऊन करणे, हेच आपल्या विषयाचे पहिले सूत्र होय.

परंतु याच यंत्रापुढे एक अडचणही उभी राहते. पाहुणा सावली पाहतो, मनगटावरचे घड्याळ पाहतो, आणि दोन्हींत अंतर पडलेले पाहून यंत्र चुकले असे समजतो. वास्तविक यंत्र उज्जैनची स्थानिक सौर वेळ दाखवते. घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ दाखवते. रेखांशांच्या फरकामुळेच सुमारे २७ मिनिटांचे अंतर पडते आणि त्यात ऋतुमानाप्रमाणे आणखी थोडी भर किंवा घट होते. यंत्र खरे बोलत असते, पण ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ लागत नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८० च्या दशकात या अडचणीला नाव दिले. त्यांच्या मते माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये दोन दऱ्या असतात. आपल्या मनात जे करायचे आहे ते यंत्राकडून कसे करवून घ्यावे हे न कळणे, ही पहिली, कृतीची दरी. यंत्राने जे केले त्याचा अर्थ न लागणे, ही दुसरी, आकलनाची दरी. नानाखेड्याच्या बसस्थानकावर उतरलेल्या यात्रेकरूच्या मोबाइलवर तिकिटाचे पैसे पाठवताना चक्र फिरत राहते आणि पैसे गेले की नाही हे त्याला कळत नाही. तेव्हा तो दुसऱ्या दरीच्या काठावर उभा असतो. पैसे कोठून पाठवायचे हेच ज्याला सापडत नाही, तो पहिल्या दरीच्या काठावर. नॉर्मन यांचे महत्त्वाचे म्हणणे असे की या दऱ्यांचा दोष माणसाच्या अडाणीपणाकडे देण्याची घाई करू नये. बहुधा तो रचनेत असतो.

३. शास्त्र कसे उभे राहिले

आरंभीच्या संगणकांपुढे सामान्य माणूस बसतच नसे, त्यामुळे त्याच्या सोयीचा प्रश्नही नव्हता. तरीही १९५९ मध्ये ब्रिटनमधील ब्रायन शॅकेल यांनी संगणकाच्या नियंत्रणफलकाची मांडणी हाताळणाऱ्याच्या दृष्टीने कशी असावी, यावर लेख लिहिला. १९६० मध्ये जे. सी. आर. लिकलायडर यांनी माणूस आणि संगणक यांच्या सहजीवनाची कल्पना मांडली. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील एका संगणक परिषदेत डग्लस एंगेलबार्ट यांनी सुमारे हजार श्रोत्यांपुढे दीड तास एक प्रात्यक्षिक केले. हातात धरून सरकवायचा ‘माऊस’, पडद्यावर मजकूर दुरुस्त करणे, एका मजकुरातून दुसऱ्याकडे जाणे, आणि दूर बसलेल्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्यावर पाहत त्याच्याबरोबर काम करणे, हे सर्व त्या दिवशी लोकांनी प्रथमच एका ठिकाणी पाहिले. ही गोष्ट केवळ लेख छापून पटली नसती. पाहिली म्हणून पटली. या शास्त्रात प्रत्यक्ष जमण्याला जे महत्त्व आहे, त्याचे मूळ येथे आहे.

पण नुसत्या कल्पकतेने शास्त्र होत नाही, मोजमाप लागते. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये हाताच्या हालचालींवर प्रयोग करून एक नियम शोधला होता. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका त्याच्यापर्यंत हात नेण्यास वेळ अधिक लागतो. हा वेळ अंतर आणि रुंदी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो; म्हणून अंतर दुप्पट झाले आणि लक्ष्याची रुंदीही दुप्पट केली, तर वेळ जवळजवळ तेवढाच राहतो. १९७८ मध्ये स्टुअर्ट कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माऊसची हालचालही याच नियमाने चालते, असे दाखवले. याचा व्यावहारिक अर्थ साधा आहे. वृद्धाच्या थरथरत्या बोटासाठी पडद्यावरचे बटण मोठे हवे, हे दयाबुद्धीचे बोलणे राहत नाही. त्याने किती वेळ वाचेल हे आधीच मोजता येते. तसेच माऊसचा बाण पडद्याच्या कडेला अडतो, पुढे जाऊ शकत नाही. म्हणून कडेवरचे बटण लहान असले तरी चटकन सापडते. १९८३ मध्ये कार्ड, टॉमस मोरन आणि ॲलन नेवेल यांनी माणूस-संगणक व्यवहाराच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला आणि हा विषय स्वतंत्र शास्त्र म्हणून ओळखला जाऊ लागला.

त्याच सुमारास अभ्यासकांची संमेलनेही सुरू झाली. मार्च १९८२ मध्ये अमेरिकेतील मेरिलँड राज्यातल्या गेदर्सबर्ग येथे संगणकप्रणालीतील मानवी घटकांवर परिषद भरली. तिला नऊशेच्या आसपास माणसे आली. तीतून पुढे दरवर्षी भरणारी ‘काय’ ही परिषद निघाली. सप्टेंबर १९८४ मध्ये लंडन येथे ‘इंटरॅक्ट’ ही दुसरी परिषदमालिका सुरू झाली. युनेस्कोच्या पुढाकाराने १९६० मध्ये स्थापन झालेल्या माहितीप्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची तिच्यामागे छाया आहे.

४. संमेलनात घडते काय

आपल्याकडे संमेलन म्हटले की अध्यक्षीय भाषण, ठराव आणि भोजन डोळ्यांपुढे येते. संशोधकांच्या संमेलनाची रीत वेगळी आहे. त्याची तयारी कित्येक महिने आधी सुरू होते. अभ्यासक आपला निबंध पाठवतो. तो त्याच विषयाच्या इतर अभ्यासकांकडे, बहुधा लेखकाचे नाव झाकून, परीक्षणासाठी जातो. किती माणसांवर प्रयोग केला, ती कोणती निवडली, तुलना कशाशी केली, निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठा तर नाही ना, असे प्रश्न परीक्षक विचारतात. बरेचसे निबंध येथेच परत जातात. जे उरतात ते कार्यवृत्तात छापले जातात आणि लेखकाला ते श्रोत्यांपुढे मांडून प्रश्नांना तोंड द्यावे लागते.

याशिवाय एका दालनात भित्तिपत्रके लावलेली असतात. अपुरे राहिलेले काम तेथे मांडतात आणि येणारा-जाणारा थांबून शंका विचारतो. दुसऱ्या दालनात यंत्रे मांडलेली असतात. ती हातात घेऊन पाहायची. पीएच.डी.चे विद्यार्थी वेगळे बसून ज्येष्ठांकडून आपल्या कामाची चिकित्सा करून घेतात. लहान गट दिवसभर एकाच प्रश्नावर चर्चा करतात.

हे सर्व पत्रव्यवहाराने होणार नाही का, असा प्रश्न रास्त आहे. गणिताची सिद्धता कागदावर पुरी होते. ती समजण्यासाठी सिद्धता देणाऱ्याला भेटावे लागत नाही. या शास्त्राचे तसे नाही. येथे संशोधनाचा विषय हाताच्या आणि डोळ्याच्या सवयी हा आहे, आणि त्या सवयी गावोगावी वेगळ्या. एका देशातील अभ्यासक ज्या गोष्टी गृहीत धरतो त्या दुसऱ्या देशातला अभ्यासक धरत नाही. मोबाइल हे एकाच माणसाचे खासगी यंत्र आहे, हे असेच एक गृहीत. आपल्याकडे एकाच मोबाइलवर सबंध घर चालते आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी दुसराच कोणी तो हाताळतो. २०१० मध्ये अटलांटा येथील ‘काय’ परिषदेत बेंगळुरूच्या झोपडवस्त्यांतील निरीक्षणांवर आधारलेला एक निबंध वाचला गेला. त्याचा विषय हाच होता, की अनेकांचा यंत्राशी व्यवहार मध्यस्थामार्फत चालतो आणि रचनाकाराने त्या मध्यस्थाचाही विचार करायला हवा. अशी निरीक्षणे दुसऱ्याच्या गृहीतावर समोरासमोर आदळतात, तेव्हाच शास्त्र एक पाऊल पुढे सरकते.

५. मुंबईचे संमेलन

‘इंटरॅक्ट’ मालिका लंडननंतर स्टुटगार्ट, केंब्रिज, ॲम्स्टरडॅम, सिडनी, टोकियो, रोम, केपटाऊन अशी फिरत फिरत २०१७ मध्ये भारतात आली. २५ ते २९ सप्टेंबर २०१७ या पाच दिवसांत तिचे सोळावे अधिवेशन मुंबईस भरले. यजमानपण पवईच्या आय. आय. टी.कडे होते. या संस्थेत १९६९ पासून औद्योगिक अभिकल्प केंद्र आहे, आणि मराठी माणसाच्या दृष्टीने त्या केंद्राचे महत्त्व विशेष आहे. सुलेखनकार आणि अक्षररचनाकार प्रा. र. कृ. जोशी यांनी तेथे अध्यापन केले. संगणकावर आपण वर्षानुवर्षे पाहत आलो तो ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचाच. प्रा. अनिरुद्ध जोशी, प्रा. गिरीश दळवी हे या अधिवेशनाच्या कार्यवृत्ताचे संपादकांपैकी. तेही याच केंद्रातले. ते कार्यवृत्त चार खंडांत प्रसिद्ध झाले.

अधिवेशनाचे सूत्र होते, विचार जगाचा आणि रचना स्थानिक. हे सूत्र घोषणेसारखे वाटेल. त्याच्यामागचा अनुभव मात्र खरा आहे. पवईत त्यापूर्वीही, मार्च २०१० मध्ये, विकसनशील देशांतील रचनेच्या प्रश्नांवर अशीच परिषद भरली होती. या दोन्ही परिषदांमागची धारणा एकच. ज्या देशात शेकडो बोली, अनेक लिप्या, साक्षर-निरक्षर शेजारी शेजारी आणि एकेक यंत्र अनेकांच्या हाती, त्या देशातील प्रश्न हे जगाच्या शास्त्राचे अपवाद नव्हेत. तेही त्या शास्त्राचे मुख्य प्रश्न आहेत.

६. एका अक्षराचा प्रश्न

या सर्वांचा आपल्या घराशी संबंध कोठे येतो? तो लिपीपाशी येतो.

रोमन कळफलकावर अक्षरे सव्वीस आणि कळा तेवढ्याच. देवनागरीत स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे मिळून जी चिन्हे होतात ती तेवढ्या कळांत मावत नाहीत. खिळे जुळवण्याच्या काळात छापखान्यांना हाच प्रश्न छळत असे. टंकलेखनयंत्रात तर अक्षरांचे तुकडे करून ते शेजारी शेजारी ठेवावे लागले. १९८० च्या दशकात संगणकासाठी ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक ठरवण्यात आला. त्याची कल्पना शास्त्रशुद्ध आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला, आणि भारतातील बहुतेक लिप्यांना तीच मांडणी. एक लिपी शिकलेला दुसरीही टंकू शकतो. १९९१ मध्ये भारतीय मानकात या कळफलकाला स्थान मिळाले. मात्र तो शिकावा लागतो, आणि ज्याला महिन्यातून दोनच पत्रे लिहायची आहेत तो शिकत नाही.

प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. लहानपणी प्रत्येकाने भिंतीवरचा वर्णमालेचा तक्ता पाहिलेला असतो; क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग ही मांडणी डोळ्यांत बसलेली असते. मग कळफलकच त्या तक्त्यासारखा का नसावा? ‘कीलेख’ नावाचा असा कळफलक त्यांनी २००४ मध्ये व्हिएन्ना येथील ‘काय’ परिषदेत मांडला. पुढे स्पर्शपडद्याचे मोबाइल आले, तेव्हा देवनागरीच्या निरनिराळ्या स्पर्शकळफलकांची तुलना त्यांनी २०११ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत सादर केली. त्यातून २०१३ मध्ये ‘स्वरचक्र’ निघाले. ‘क’वर बोट ठेवले की त्याच्याभोवती चक्र उमटते आणि त्यात का, कि, की, कु, कू अशी रूपे दिसतात, बोट हव्या त्या रूपाकडे सरकवून उचलले की अक्षर उमटते. बाराखडीच येथे बोटाखाली आली आहे. २०१६ मध्ये फ्लॉरेन्स येथे या गटाने, यंत्राने पुढचा शब्द सुचवला तर मराठी टंकलेखनास खरोखर मदत होते काय, असा प्रश्न शीर्षकातच विचारणारा निबंध वाचला. ‘खरोखर’ हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. सोय झाली असे वाटणे वेगळे आणि मोजून ती सिद्ध होणे वेगळे.

आता व्हिएन्ना, स्टॉकहोम आणि फ्लॉरेन्स येथे मराठी लेखनाची चर्चा इंग्रजीत व्हावी, याचे कोणाला हसू येईल. पण थाई, सिंहली, ख्मेर अशा कित्येक लिप्यांत मात्रा अक्षराच्या वर, खाली, मागे बसतात; त्यांचे अभ्यासक त्या सभागृहांत असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याच्या कामी येतो.

अक्षर कळफलकावर असण्यापूर्वी ते संगणकाच्या सांकेतिक कोष्टकात असावे लागते. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरीचे कोष्टक भारतीय मानकाच्या १९८८ च्या रूपावरून घेतले होते. ‘ॲ’ हे अक्षर, आपण मराठीत ‘ॲड’, ‘ॲसिड’ असे लिहितो ते, त्या कोष्टकात स्वतंत्रपणे नव्हते. होते ते ‘ए’वर चंद्र काढलेले, हिंदीत चालणारे ‘ऍ’. मराठीचे ‘ॲ’ २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत आले. मध्ये सतरा वर्षे गेली. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की कोष्टके माणसे बसून ठरवतात, आणि त्या बैठकीत ज्याची गरज मांडली जाते ते अक्षर कोष्टकात येते.

तीच गोष्ट ‘ऱ्य’ची. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ या दोन वाक्यांत एक पाहुणा व्यासपीठावर जातो आणि दुसरा मुदपाकखान्यात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे खोरी. हिंदीला हा भेद करावा लागत नाही, मराठीला लागतो. इन्स्क्रिप्टमध्ये ‘र’च्याच कळेवर शिफ्टसह ‘ऱ’ आहे, आणि ‘ल’च्या कळेवर शिफ्टसह ‘ळ’ आहे. पण ते तेथे आहे हे ठाऊक नसेल, तर असून नसल्यासारखेच. ही नॉर्मन यांची पहिली दरी होय.

७. माळव्यातील मराठी आणि माळव्यातील माणूस

उज्जैनात मराठी माणूस शिंद्यांच्या राजवटीबरोबर आला. महाकालाचे मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी अनेक कुटुंबे येथेच राहिली. त्या कुटुंबांत आज मराठी घरात बोलली जाते, शाळेत मुले हिंदी आणि इंग्रजी शिकतात, आणि लिहिण्याची मराठी मुख्यतः एकाच ठिकाणी उरते, ती म्हणजे मोबाइलवरच्या निरोपात. तो निरोपही बहुधा रोमन अक्षरांत जातो. रोमनमध्ये ‘काल’, ‘काळ’, ‘कळ’ आणि ‘कल’ एकाच वेशात येतात. ‘बाळ’ आणि ‘बाल’, ‘बळ’ आणि ‘बल’ यांची फारकत होत नाही. मोठ्यांना संदर्भाने उमजते. पण ज्या मुलाने तो शब्द छापील रूपात कधी पाहिलाच नाही, त्याच्या जिभेवरचा ‘ळ’ पुढच्या पिढीत टिकेल काय? भाषा जाते ती अशी, भांडण न होता, एका कळेच्या सोयीसाठी. आणि ‘ळ’ हा केवळ आपला नाही. शेजारच्या माळवी बोलीतही तो आहे. ज्या कळफलकात तो सहज सापडेल, त्याचा लाभ दोघांनाही.

लिपीपलीकडेही या शास्त्राचे धडे माळव्याने पाहिले आहेत. जानेवारी २००० मध्ये शेजारच्या धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ योजना सुरू झाली. गावातील सूचनालयात संगणक ठेवून बाजारभाव, दाखले, तक्रारअर्ज यांची सोय तीत केली होती. त्याच वर्षी तिला स्टॉकहोमचा पुरस्कार मिळाला. जून २००० मध्ये मध्य प्रदेशातील सोयाबीन उत्पादकांसाठी ‘ई-चौपाल’ सुरू झाली. तीत संगणक गावातील एका शेतकऱ्याच्या घरी असे. त्याला ‘संचालक’ म्हणत, आणि इतर शेतकरी त्याच्याकडून भाव विचारून घेत. दोन्ही ठिकाणी यंत्र आणि शेतकरी यांच्यामध्ये एक माणूस बसलेला होता. दहा वर्षांनी अटलांटात जी चर्चा झाली, तिचा विषय माळव्याच्या खेड्यांत आधीच प्रत्यक्षात चालू होता. तसेच सुगत मित्र यांनी १९९९ च्या जानेवारीत दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवून मुलांना मोकळा सोडला, आणि त्यानंतर तोच प्रयोग आपल्या राज्यातील शिवपुरीत केला. कोणी न शिकवता मुले एकमेकांकडून पुष्कळ काही शिकतात, असे त्यांना आढळले. मुले धाडस करतात, पण वृद्ध करीत नाहीत, कारण चुकले तर काय होईल याची त्यांना धास्ती असते. केलेले मागे घेता येईल अशी सोय ठेवावी, हा या शास्त्राचा नियम अशाच धास्तीवरचा उपाय आहे.

२०२८ चा सिंहस्थ डोळ्यांपुढे आणा. महाराष्ट्राच्या खेड्यांतून आलेले यात्रेकरू बसने, रेल्वेने उतरतील. पाटी, ध्वनिक्षेपक, मोबाइलवरचा नकाशा, हरवलेल्यांचा शोध, ही सारी माणूस-यंत्र व्यवहाराचीच अंगे. तेथे एक चुकीचे चिन्ह किंवा एक न समजणारी सूचना म्हणजे गर्दीत आईबापांपासून तुटलेले मूल.

८. सभागृहाबाहेरचा माणूस

या संमेलनांची एक उणीव सांगितलीच पाहिजे. ज्याच्यासाठी सारा खटाटोप, तो माणूस बहुधा सभागृहात नसतो. त्याची निरीक्षणे असतात, छायाचित्रे असतात. तो स्वतः नसतो. भाषा इंग्रजी, प्रवेशशुल्क जड, प्रवास लांबचा. म्हणून त्याची बाजू जो कोणी टिपून ठेवील त्याचे मोल मोठे आहे, आणि हे काम शाळेला करता येण्याजोगे आहे.

त्याची रीत सोपी आहे. आपल्या ओळखीच्या चार-पाच ज्येष्ठ व्यक्ती निवडाव्यात. प्रत्येकाला एकच काम सांगावे; समजा, मोबाइलवर देवनागरीत ‘बाळ आले, आचाऱ्यांना सांगा’ एवढे लिहून पाठवणे. काम करताना मनात येईल ते मोठ्याने बोलण्याची विनंती करावी. मग गप्प बसावे. मदत करायची नाही, घाई करायची नाही, हसायचे तर मुळीच नाही. बोट कोठे अडले, कोणते चिन्ह पाहून ते थबकले, ‘ळ’ सापडायला किती वेळ लागला, ‘ऱ्या’चे काय झाले, हे वहीत लिहावे. अभ्यासकही हीच पद्धत वापरतात, आणि मोठमोठे दोष अशा मोजक्या चाचण्यांतच उघडे पडतात. परीक्षा यंत्राची आहे, त्या ज्येष्ठांची नाही, हे त्यांना आधी सांगितले म्हणजे झाले.

अशा नोंदी एका वर्गाने केल्या आणि त्या कळफलक करणाऱ्यांकडे पाठवल्या, तर नानाखेड्याचा आवाज त्या सभागृहात पोहोचण्याची एक वाट होईल. एखादे अक्षर कोष्टकात यायला सतरा वर्षे लागू शकतात हे आपण पाहिले. म्हणून मागणी आजच नोंदवलेली बरी. विद्यार्थ्यांनी या उन्हाळ्याच्या सुटीत आपल्याच आजी-आजोबांपासून आरंभ करावा, आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालायला विसरू नये.